योतामू पुढे चालतो

ऑक्टोबरातल्या त्या संध्याकाळी मायलेसीनं पाहुण्यांच्या आंघोळीचं पिंप चुलीवर चढवलं, मोपानीचं एक जाड लाकूड आत सारलं आणि पाणी तापेपर्यंत ती भाजी चिरायला बसली. पाहुण्यांचा हंगाम संपत आला होता. लुआंग्वा या मोठ्या नदीला मिळणारी ती लहान नदी पार आटली होती. पात्रात नुसती वाळू, आणि मधेमधे हिरवट पाण्याची डबकी. त्या डबक्यांत पाणघोडे एकमेकांच्या अंगावर चढून पडलेले असत. त्यांचा आंबूस वास वाऱ्याबरोबर चुलीपर्यंत यायचा. पाऊस यायच्या आत गवती झोपड्या उतरवायच्या, भांडी बांधायची, आणि वर्षाचं काम संपलं.

मॅनेजर सकाळीच गाडी घेऊन पीठ आणि भाजी आणायला गेला होता, तो उद्या उजाडल्यावर येणार होता. जंगलातल्या त्या कॅम्पवर उरले होते हंगामातले शेवटचे पाहुणे, म्हणजे लुसाकाहून आलेले निवृत्त जज्जसाहेब आणि त्यांच्या मॅडम. त्यांच्या दिमतीला मायलेसी. आणि बंदूकवाला फॅकसन.

फॅकसनला ती नावानं हाक मारत नसे. त्याची ताटली ती चुलीपासून लांब, जमिनीवर ठेवायची. त्यात मक्याच्या पिठाच्या घट्ट न्शिमाची तळाशी करपलेली खरवड आणि वर जेमतेम कालवण. तो मुकाट्यानं खायचा, ताटली धुऊन पालथी घालायचा. तो गेला की मायलेसी ती ताटली राखेनं पुन्हा घासायची.

गेल्या हंगामापर्यंत या कॅम्पचा वाटाड्या योतामू होता, मायलेसीचा नवरा. अंधार पडला की पाहुण्यांना जेवणाच्या छपरापासून झोपडीपर्यंत पोचवायचं काम त्या दोघांचं, पुढे योतामू, मागे बंदूक घेऊन फॅकसन. एका संध्याकाळी वाटेवर पिल्लाची हत्तीण आडवी आली. योतामूनं हात वर केला, पाहुण्यांना थोपवलं, वारुळाच्या आड ढकललं आणि स्वतः वाटेत उभा राहिला. बंदूक उडालीच नाही. पाहुणे वाचले. योतामूचं जे काही हाती लागलं ते बायका अंगाला गुंडाळतात त्या कापडात, चितेंग्यात, गुंडाळून गावी नेलं. फॅकसन सकाळी झाडावर सापडला.

चौकशीत तो म्हणाला, "बंदूक अडकली."

मायलेसी सगळ्यांसमोर म्हणाली, "आणि पाय? ते नाही वाटतं अडकले?"

तरीही वरच्यांनी त्याला यंदा पुन्हा याच कॅम्पवर धाडलं. लेकीच्या, लिडियाच्या, शाळेची फी भरायची होती, म्हणून मायलेसीलाही यावंच लागलं.

अंधार पडता पडता पाहुणे जेवायला बसले. कंदील टेबलावर होता. फॅकसन खांबाला टेकून बंदूक घेऊन उभा होता. मायलेसी वाढत होती.

मॅडम म्हणाल्या, "काल आम्हाला पोचवायला आला होता, तो दुसरा माणूस आज दिसत नाही?"

"कोण दुसरा?" जज्जसाहेबांनी विचारलं.

"अहो, पुढे चालत होता तो. बॅटरीसुद्धा नव्हती त्याच्याकडे. मधेच त्यानं असा हात वर केला..." मॅडमनी हात खांद्यापर्यंत उचलून तळवा मागे वळवला, "...म्हणून तर मी थांबले. आणि लगेच झुडपातून हत्ती गेले की नाही?"

"तू थांबलीस ती चपलेत काटा गेला म्हणून. पुढे कुणीही नव्हतं. चष्मा बदल आता."

"चष्मा तुमचा बदला. मला त्याच्या सदऱ्याची फाटकी पाठ दिसली."

मायलेसीच्या हातातला डाव कालवणाच्या भांड्यावर तसाच राहिला. तळवा मागे वळवून हात उचलायची ती खूण योतामूची. दुसरे वाटाड्ये मूठ दाखवत. तिनं फॅकसनकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता आणि तो घाम पुसत नव्हता.

"मी एकटाच असतो, मॅडम," तो म्हणाला.

मायलेसी चुलीकडे परतली. तिला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या छातीत काहीतरी ऊबदार पसरत होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं. आला तर तो. नेमका हव्या त्या माणसासाठी आला.

पाहुण्यांचं जेवण चालू असतानाच फॅकसन चुलीपाशी आला, आणि नेहमीच्या जागी न थांबता पार जवळ येऊन बसला.

"लिडियाची आई... तुम्हीही ऐकलंत ना?"

तिनं भांड्यावर झाकण ठेवलं.

"मी आलो त्या दिवसापासून तो आहे. मी थांबलो की थांबतो. मी वळलो की... पुन्हा पुढेच. तोंड दाखवत नाही. फक्त पाठ."

"मग?"

"तुम्ही त्याला सांगा. तुमचं ऐकेल तो. म्हणावं, फॅकसनला सोड. मी काय मुद्दाम..."

मायलेसीनं चुलीतलं लाकूड आत रेटलं. ठिणग्या उडाल्या.

"त्या दिवशी त्यानं तुझी पाठ बघितली," ती म्हणाली. "आता तू त्याची बघ."

फॅकसन आणखी पुढे सरकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "आज तेवढं माझ्याबरोबर चला. झोपडीपर्यंतच. परत येताना मी एकटा... बाईमाणूस बरोबर असलं तर कदाचित..."

"मला भांडी आहेत."

"हात जोडतो, लिडियाची आई."

"हात बंदुकीला लाव. पुन्हा अडकायची."

तिकडून जज्जसाहेबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. फॅकसन उठला. जाताना त्यानं वळून पाहिलं, आणि मायलेसीनं मुद्दाम भांड्यावर मान खाली घातली.

ती तिघं निघाली. स्वयंपाकाच्या छपराखालून सगळी वाट दिसायची, नदीच्या काठाकाठानं, वारुळावरून, चिंचेखालून थेट शेवटच्या झोपडीपर्यंत. बॅटरीचा उजेड डुलत डुलत गेला. मॅडमचं बोलणं ऐकू येत होतं, मग तेही येईना. झोपडीत कंदील मोठा झाला. गवताचं दार लागलं.

आता उजेड परत यायला हवा होता.

तो झोपडीपाशीच थांबला. मग चिंचेपर्यंत आला आणि पुन्हा थांबला. रातकिडे किरकिरत होते, डबक्यात पाणघोडे घुरघुरत होते. आणि मग पाणघोडे गप्प झाले. एक नाही, दोन नाही, सगळे. रातकिडेही. मायलेसीला चुलीतल्या निखाऱ्याची तडतड तेवढी ऐकू येऊ लागली, आणि त्या शांततेत फॅकसनचा आवाज, अगदी जवळ असल्यासारखा.

"येतो... येतो रे. हळू चाल."

उजेड वाटेवरून उतरला आणि नदीकडे वळला.

मायलेसी उभी राहिली. बॅटरीच्या पुढे, उजेड जिथं संपत होता तिथं, कुणीतरी चालत होतं. पाय ओढत नव्हतं की घाई करत नव्हतं. संध्याकाळी कामावरून घरी निघालेल्या माणसासारखं. काठाच्या कडेला ते थांबलं. हात वर गेला, तळवा मागे. फॅकसन थांबला. मग तो हात खाली आला आणि त्याची बोटं दोनदा मुडपली. चला, वाट मोकळी आहे. पाहुण्यांना बोलवायची योतामूची तीच तऱ्हा.

ती खूण फॅकसनकडे वळलेली नव्हती. चुलीकडे वळलेली होती.

छपराच्या खांबाला हत्तींना हुसकायचं फुटकं पातेलं टांगलेलं होतं आणि त्यात लोखंडी सळई. एकदा ठोकलं असतं तर फॅकसन भानावर आला असता. जज्जसाहेब बाहेर आले असते. तिनं सळई हातात घेतली. सळई गार होती. तिला आठवली ती चितेंग्यातली गुंडाळी, तिचं हलकेपण. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसंच वजन. तिनं एका हातानं खांबाला मिठी मारली, दुसऱ्या हातात सळई तशीच धरली, आणि डोळे मिटून घेतले.

"जा," ती पुटपुटली. "घेऊन जा त्याला. मला नको... त्याला ने."

तिनं डोळे उघडले तेव्हा उजेड वाळूत उतरला होता. तो पात्रातून सरळ चालला, लहान होत होत, काजव्याएवढा झाला. गोळीचा आवाज नाही. ओरडणं नाही. पाणी उडाल्याचाही आवाज नाही. काजवा एका जागी टेकला आणि तिथंच राहिला.

मग ती पातेलं ठोकायला लागली. हात सोलून निघेपर्यंत ठोकत राहिली. जज्जसाहेब पायजम्यावर धावत आले. "वेडी आहेस का तू? काय झालं? कुठाय तो?" तिनं नदीकडे बोट दाखवलं. बंदुकीशिवाय त्या अंधारात उतरायची जज्जसाहेबांची छाती होईना, आणि तिची तर नव्हतीच. दोघं चुलीपाशी बसून राहिली. जज्जसाहेब पुन्हा पुन्हा विचारत होते, "तुला दिसत होतं तर आधी का नाही ठोकलंस?" तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

उजाडल्यावर मॅनेजर आला. माणसं पात्रात उतरली. वाळूवर बॅटरी नीट ठेवलेली होती, पिवळट उजेड अजून शिल्लक होता. शेजारी बंदूक. मॅनेजरनं ती उचलून खटका ओढून पाहिला. मऊ चालला. फॅकसन सापडला नाही. डबकी ढवळली, काठ पालथे घातले. वनखात्याच्या माणसानं दुपारी येऊन सांगितलं, मगर. वाळूवर मगरीचा माग कुठंच नव्हता, पण दुसरं काय लिहिणार?

कॅम्प त्याच दिवशी बंद करायचं ठरलं. मायलेसीनं भांडी बांधली. फॅकसनची पालथी ताटली तिनं उचलली आणि कुठं ठेवावी ते न कळून बराच वेळ हातातच धरली. आपण काही केलं नाही, ती स्वतःला सांगत होती. आपण जागचं हललोही नाही.

पाहुण्यांच्या बॅगा गाडीत चढल्या. जज्जसाहेब तिच्याशी न बोलता पुढे बसले. मॅडम मात्र मागे राहिल्या. त्यांनी मायलेसीचे पट्टी बांधलेले हात हातांत घेतले.

"यांचं मनावर घेऊ नकोस. यांनी काही पाहिलेलं नाही," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "मी दाराच्या फटीतून बघत होते. तू बिचारी शेवटी त्याच्याबरोबर गेलीस, ते बघून मला बरं वाटलं."

"कुणाबरोबर, मॅडम?"

"फॅकसनबरोबरच की. तो पुढचा माणूस, त्याच्या मागं तू, आणि तुझ्यामागं फॅकसन. हाच पिवळा चितेंगे होता तुझ्या अंगावर. तू त्याचा हात धरून ओढत होतीस, लहान पोराला नेतात तशी. घाबरत होता ना तो?"

पुढून हॉर्न वाजला. मॅडम गाडीकडे निघाल्या, आणि दारापाशी जाऊन पुन्हा वळल्या. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"पण तू वर कधी आलीस? पातेलं वाजायला लागलं तरी मी फटीला डोळा लावूनच होते. नदीतून परत कुणीच आलं नाही गं."