डाव्या बाजूनं

"आई गं! जळू... काढा की कुणीतरी!"

कुद्रेमुखच्या ओल्या जंगलात करुणा मराठीतच किंचाळली. फोटो काढायच्या नादात ती मागं राहिली होती. मैत्रिणी कधीच पुढं गेल्या होत्या.

वळणावरून एक तरुण धावत आला. खिशातलं मीठ काढून तिच्या पायाशी बसला.

"हलू नका. संभाजीनगरच्या का?"

"व्हय! तुम्हाला कसं कळलं?"

"कर्नाटकात येऊन इतक्या हक्कानं कोण ओरडणार?" तो हसला. "मी धम्मपाल. अजिंठ्याजवळच्या फर्दापूरचा. नोकरीला बंगळूरात."

जळू गळून पडली. पोटरीवरून रक्ताचा बारीक ओघळ आला.

"लई दुखतंय का?"

"नाय..." ती म्हणाली. इतक्या लांब ते 'लई' ऐकून तिला उगाच भरून आलं.

मग दोघं बरोबरच चढले. गर्द झाडी संपली, गवताचे हिरवे डोंगर लागले. ढग अंगावरून जात होते. आपल्या चिकलठाण्याच्या कंपनीतल्या गमती सांगताना करुणा खळखळून हसत होती. तो मान कलवून, तिच्याकडं बघत ऐकत होता.

उतरताना वाट अरुंद झाली. ओढा खळाळत होता. धम्मपालच्या उजव्या अंगानं चालत तिनं हळूच मनातलं सांगून टाकलं... आणि तो समोर बघत तसाच चालत राहिला!

तिचा चेहरा तापला. भराभर पावलं टाकत तिनं मैत्रिणींना गाठलं.

पायथ्याशी ती जीपमध्ये तोंड फिरवून बसली होती. तो धापा टाकत आला.

"माझं काही चुकलं?"

"एवढं बोलले मी... तुम्ही साधं हूं पण नाही केलं!"

तो गोंधळला. मग हळू आवाजात म्हणाला, "ओढ्याजवळ? उजव्या बाजूला होता ना तुम्ही? त्या कानानं ऐकू येत नाही मला. लहानपणी ताप आला होता, तेव्हापासून."

"मग सांगायचं ना!"

"कळलं की लोक कीव करतात. बाकीच्यांचं काही वाटत नाही... पण तुम्ही तसं बघितलेलं नसतं चाललं मला."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. करुणा खाली उतरली. त्याला वळसा घालून डाव्या बाजूला आली. जीपमधल्या मैत्रिणींनी कान टवकारले.

"मला तुम्ही आवडलात," ती कुजबुजली.

धम्मपालनं डावा कान आणखी जवळ आणला.

"परत म्हणा ना."

"का? ऐकू नाही आलं?"

"आलं की..." तो म्हणाला. "म्हणूनच."