उरलेले किलोमीटर

डिझेल गाडीचा धूर स्वच्छ राहावा म्हणून तिच्या एका वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी भरतात. ते संपत आलं की स्टिअरिंगमागे पिवळा दिवा लागतो आणि खाली अक्षरं उमटतात. यांच्या हृदयाची तपासणी करून आम्ही दुपारी परत येत होतो, तेव्हा ती उमटली: १४० कि.मी. नंतर इंजिन सुरू होणार नाही.

टाकी आदल्याच आठवड्यात काठोकाठ भरली होती.

मी हळू बोलणारी बाई आहे. पहाटेपासून बारापर्यंत माझं मौन असतं, आणि नंतरही कुणाला लागेल असं बोलायचं नाही, हा नेम एकोणीस वर्षं पाळते आहे. त्या महिन्यात तो नेम मला फार जड गेला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवरची मुलगी म्हणाली, अख्खी टाकी बदला. तिचे साहेब म्हणाले, टाकी उत्तम आहे, सेन्सर गेलाय. फोनवरचा म्हणाला, लक्षच देऊ नका, दिवा आपोआप जाईल. तिघांच्या आवाजात सारखाच गोडवा. मी विचारलं, यांच्या छातीत कळ आली आणि गाडी सुरूच झाली नाही तर? तो म्हणाला, तशी शक्यता कमी आहे. किती कमी, ते काही त्याने सांगितलं नाही. मी फोन ठेवला आणि देवासमोर बसले, पण जपाच्या माळेवर बोटं नुसती आपटत होती.

या हेलपाट्यांत आकडा ११२ वर आला. उरलेलं अंतर अडीअडचणीला राखायचं म्हणून गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी केली. चौकापलीकडच्या मिस्तरींनी नवा सेन्सर मागवला. परवा येईल, म्हणाले. त्यांचा परवा कधी उजाडलाच नाही.

रोज दुपारी मौन सुटलं की मी शेडमध्ये जाऊन नुसती किल्ली फिरवून आकडा बघायची. १०८. १०४. १००.

गाडी जागची हलली नव्हती. चाकांपुढची धूळ तशीच होती. एकूण किलोमीटरचा आकडाही तोच होता. आधी वाटलं, कुणीतरी आपली थट्टा करतंय. मग वाटलं, मिस्तरींनी काहीतरी जोडायचं तिथे भलतंच जोडून ठेवलंय.

ते मान्य करीनात. म्हणाले, "काकू, उभ्या गाडीचे किलोमीटर कमी होत नसतात. चष्म्याचा नंबर तपासून घ्या."

दुसऱ्या दिवशी मी एकटीने गाडी काढली, गावाबाहेरच्या पुलापर्यंत नेली, परत आणली. सहा किलोमीटर. आकडा ८४ होता, ८४च राहिला.

त्या संध्याकाळी यांना ताप आला. दोन दिवस हे अंथरुणात होते. दोन्ही दिवस ८४. तिसऱ्या दिवशी फिरायला गेले. ८०.

डॉक्टरांनी यांना रोज चार किलोमीटर चालायला सांगितलं होतं.

पुढच्या रविवारी हे जुन्या मित्राला भेटायला पायी गेले आणि चेहरा लाल करून परतले. दुप्पट चाललो आज, म्हणाले. मी शेडमध्ये गेले. आकडा आठने उतरला होता. मी किल्ली काढली तरी हात तिथेच राहिला. शून्यावर सुरू होणार नाही ते कुठलं इंजिन, हे मला तेव्हा कळलं.

४० वर मी यांना सगळं सांगितलं. हे गणिताचे मास्तर. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग कागद घेऊन मला योगायोग समजावला.

"अहो, महिनाभर घरात बसा. सेन्सर येईपर्यंत."

"आणि हृदयाला काय सांगू? गाडीने मनाई केलीय म्हणून?" हे हसले. "तुझे नेम तू मोडतेस का कधी? मग हा माझा नेम समज."

एवढं साधं ऐकेनात याचा मला इतका संताप आला की मी ताट तसंच ठेवून उठले.

आकडा आठ झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी हे फिरायला निघाले. माझं मौन होतं. मी यांचे बूट उचलले आणि बादलीत बुडवले. दोन्ही. मग यांच्या चपलाही. हे थक्क होऊन बघत राहिले.

"अगं, वेड लागलंय का तुला?"

मी बादलीवर हात दाबून धरला होता.

हे त्या दिवशी गेले नाहीत. बारा वाजले तशी मी गाडी काढली आणि मिस्तरींच्या दारात नेऊन उभी केली. आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझा आवाज चढला. रस्त्यावरची माणसं थांबली. हा आकडा आत्ता, माझ्यासमोर गेला पाहिजे, मी म्हणाले. कुठेही जाऊ दे, पण माझ्या गाडीतून गेला पाहिजे.

मिस्तरी वरमले. दोष सापडेना की स्वतःच्या गाडीतला चांगला भाग काढून गिऱ्हाइकाच्या गाडीत लावून बघायचा, ही त्यांची जुनी पद्धत. त्यांची गाडी आमच्यासारखीच. तिच्यातली युरियाची कंट्रोलची डबी त्यांनी आमच्या गाडीत बसवली, आमची त्यांच्या गाडीत.

आमच्या गाडीतला पिवळा दिवा विझला. अक्षरं गेली.

त्यांच्या गाडीत ८ उमटलं.

"घ्या, तुमची ब्याद आमच्या गळ्यात," मिस्तरी हसत म्हणाले. "राहू द्या. सेन्सर आला की बघू."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. कपाळावर तेलाचा डाग, खिशात मुलीने दिलेलं फुलाचं पेन.

"घर किती लांब तुमचं?" मी विचारलं. माझा आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

"चार किलोमीटर. पण ही गाडी आता न्यायची नाही. मध्येच अडकलो तर? तुमच्या मास्तरांसारखं चालत जातो. येऊन जाऊन आठ. पोट तरी उतरेल."

सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

पण परवा, परवा म्हणत त्यांनी महिना काढला होता. चष्म्याचा नंबर तपासा म्हणाले होते. मी तो राग घट्ट धरून ठेवला. तो सुटला असता तर मी बोलले असते.

निघाले तेव्हा ऊन कलत होतं. चौकात सिग्नलला थांबले, तर मिस्तरी दुकानाचं शटर ओढून फुटपाथवरून झपाझप येत होते. माझ्या शेजारची सीट रिकामी होती, आणि ते माझ्याच दिशेने निघाले होते.

त्यांनी हात केला. मीही केला, आणि काच वर घेतली.