लायलच्या खुर्चीतला वास

आमची मार्नी लोकांचे सोफे, खुर्च्या धुते. आता ब्रोकन हिलमध्ये, आमच्या या ऑस्ट्रेलियातल्या खाणीच्या गावात, हे कसं असतं माहितीये ना? कुणाच्या मांजरानं सोफ्यावर केलं की लोक आधी व्हिनेगर ओततात, मग खायचा सोडा टाकतात, मग घरातला कुणीतरी शहाणा गरम वाफेचं मशीन फिरवतो आणि वास पार आतपर्यंत शिजवून ठेवतो. मग मार्नीला फोन. मार्नी दारातूनच सांगते, मांजर की कुत्रा, नर की मादी, म्हातारं की आजारी. असलं नाक! पबमध्ये पोरं चिडवतात, "मार्नी आली, पाय लपवा रे!"

तर नोलीन पॅजेटचा फोन आला. घर गावाच्या टोकाला, पत्र्याच्या भिंतींचं, मागे खाणीच्या काळ्या मातीचा डोंगर. नोलीनचा नवरा लायल, जन्मभर जमिनीखाली काम केलेला, हात फावड्यासारखे. टीव्हीसमोर त्याची खुर्ची, तपकिरी मखमलीची, रुंद हातांची. आणि टेबलाखाली स्मोको, म्हातारा केल्पी जातीचा कुत्रा, एक कान फाटलेला, मागचा पाय उचलून धरलेला.

"इतकी वर्षं घरात कधी थेंब सांडला नाही," लायल म्हणाला, "आणि आता बघ. रोज! ते पण माझ्याच खुर्चीत!"

"म्हातारा झालाय तो, लायल. या वयात होतं असं," मार्नी म्हणाली.

"म्हातारा मीही झालोय. मी मुततो का खुर्चीत?"

मार्नी हसली. नोलीन चहाचा कप घेऊन दारात उभी होती, ती नाही हसली. तिच्या मनगटावर बोटांचे वळ होते, जांभळे, कडेनं पिवळे पडलेले.

"शनिवारपर्यंत वास गेला तर ठीक," लायल कुत्र्याकडे बघत म्हणाला. "नाहीतर रायफल आहेच दारामागे. एक गोळी, आणि वासाचं मूळच गेलं."

नोलीननं कप खाली ठेवला आणि कुत्र्याच्या पट्ट्याला धरलं. कुत्रा मात्र लायलकडे बघून शेपूट हलवत होता, बिचारा.

मार्नीनं खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. भर दुपारी खोली काळीकुट्ट केली आणि तिचा तो जांभळा टॉर्च लावला. त्या उजेडात मूत चमकतं, हिरवट-पिवळं. खुर्चीच्या पुढच्या कडेला कुत्र्याचा छोटासा शिंतोडा होता, अगदी पुस्तकात असतो तसा. पण त्याच्याखाली आणखी एक डाग होता. मोठा. बसायच्या जागेभर पसरलेला.

ती वाकून हुंगत राहिली. वरचा वास कुत्र्याचा, शंकाच नाही. खालचा नाही. मार्नी वृद्धाश्रमातल्या खुर्च्याही धुते, तिला तो वास ओळखू येतो. आणि त्यात अजून काहीतरी होतं, जिभेवर नाणं ठेवल्यासारखं. कुत्रं दुसऱ्या कुणीतरी केलेल्या जागेवरच आपलं करतं, वरून झाकल्यासारखं, हे तिला माहीत होतं. तिनं लायलकडे बघितलं आणि मनात म्हणाली, म्हाताऱ्याला स्वतःचंच कळत नसेल, आणि त्याला लाज वाटू नये म्हणून कुत्र्याचाच डाग धरून कामाला लागली. औषध भरपूर ओतलं, वर प्लास्टिक टाकलं. "दोन दिवस कुणी बसायचं नाही," म्हणाली.

लायल बसलाच नाही. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून टीव्हीकडे मान वाकडी करून बघायचा आणि शिव्या द्यायचा. कुत्रा बाहेर साखळीला. आणि तरी शनिवारी सकाळी नोलीनचा फोन, आवाज इतका बारीक की मार्नीला कान दाबून ऐकावं लागलं. "वास परत आलाय गं बाळा. ये ना. तो रायफल पुसत बसलाय."

मार्नी सुसाट गेली. "फोम बदलते," तिनं लायलला दारातच सांगितलं. "आत मुरलेलं वर येतं, सुकताना. कुत्र्याचा दोष नाही यात. मला दुपारपर्यंत वेळ द्या फक्त." कुत्र्याला तिनं स्वतः उचलून आपल्या व्हॅनमध्ये ठेवलं, म्हणजे कुणाला बोलायला जागाच नको. नोलीन त्याच्यापाशी जाऊन बसली, बिस्किटं मोडून भरवत. लायल मागे शेडमध्ये.

मार्नीनं मखमल फाडली. जुना फोम पिशवीत कोंबून बाहेर फेकला. लाकूड धुतलं, पंख्यानं वाळवलं, नवा कोरा फोम बसवला, नवं कापड ताणलं, आणि तिच्या त्या लांब डोक्याच्या छोट्या हातोडीनं बारीक खिळे ठोकत गेली. शेवटचा खिळा ठोकला, हातोडी खुर्चीमागच्या टेबलावर ठेवली, आणि कापडाची घडी मोडायला तळहात फिरवला.

ओलं.

आणि कोमट.

तिनं हात फडक्याला पुसला. मग घोंगड्या टांगल्या, कारण दुसरं काय करायचं ते तिला सुचेना. टॉर्च लावला.

दोन मांड्या. स्पष्ट, जणू कुणी आत्ता उठून गेलंय. मांड्यांमधून ओघळ खाली, खुर्चीच्या पुढून, गालिच्यावर. आणि गालिच्यावरच्या ओलीत टाचांचे दोन लांब ओरखडे, मागे रेटल्यासारखे. वर कुत्र्याचा एक थेंब नव्हता.

"झालं का?" लायल आत आला. नाक वर केलं. थांबला. "कुठाय ते हरामखोर?"

"लायल, कुत्रा नाही हा! तो माझ्या व्हॅनमध्ये आहे, सकाळपासून!"

"मग कोण? मी?"

त्यानं दारामागची रायफल उचलली. दारातूनच शीळ घातली. आणि तो मूर्ख कुत्रा, मालकानं बोलावलं म्हणून, व्हॅनमधून उडी मारून लंगडत धावत आत आला. लायलनं बुटासकट लाथ घातली. बरगडी मोडल्याचा आवाज मार्नीनं ऐकला, वाळकी काटकी मोडावी तसा. कुत्रा भिंतीवर आपटला, खाली पडला, आणि पडल्या पडल्या त्याची शेपूट हलली.

"थांबा! अहो, थांबा!" मार्नी ओरडली. त्यानं कोपरानं तिला ढकललं, ती फडताळावर जाऊन आदळली.

लायल खुर्चीत बसला. गोळ्या भरायला तो नेहमी तिथेच बसायचा.

"ओली आहे," तो म्हणाला. त्याला हसू आलं. "बघ. अजून ओली आहे."

मांडीवर गोळ्या ठेवल्या. एक उचलली.

"ये रे स्मोको. ये इकडे."

कुत्रा सरपटत निघाला.

नोलीन कधी आत आली ते मार्नीला कळलंच नाही. ती खुर्चीमागे उभी होती.

हातोडीचा पहिला घाव लायलच्या कानावर बसला. गोळ्या जमिनीवर विखुरल्या. लायलनं मान वळवून बायकोकडे बघितलं, लहान मुलासारखं.

"नोलीन. नको. नको गं."

दुसऱ्या घावाला जबडा गेला. त्याच्या टाचा गालिचा मागे रेटत राहिल्या. तिसऱ्यानंतर मार्नीनं मोजलं नाही.

टॉर्च अजून तिच्या हातात पेटलेला होता. लायलखालून ओल निघाली, मांड्यांमधून ओघळली, गालिच्यावर उतरली. जिथं आधीचा डाग संपत होता, बरोबर तिथं येऊन थांबली. एक थेंब बाहेर नाही.

स्मोको जवळ आला. हुंगलं. पाय वर केला नाही. मालकाच्या बुटांवर हनुवटी ठेवून पडून राहिला.

नोलीननं हातोडी ॲप्रनला पुसली आणि दांडा मार्नीकडे करून पुढे धरली.

"तुझी आहे ना, बाळा? पोलिसांना फोन करशील? आणि कुत्र्याला घेऊन जा. तो घरात घाण करत नाही गं. कधीच नाही केली."

पोलीस आले, नोलीनला घेऊन गेले, मार्नीचं सगळं लिहून घेतलं. डागाबद्दल ती काही बोलली नाही. काय बोलणार? मग तिनं स्मोकोला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, त्याच्या छातीला पट्ट्या बांधून घेतल्या, आणि व्हॅनमध्ये शेजारच्या सीटवर निजवलं. ती राहते सिल्व्हर्टनला, गाडीनं अर्ध्या तासावर. सरळ रस्ता, मध्ये काही नाही. निघण्याआधी त्याच्यासाठी पाणी आणायला दुकानात गेली, एवढंच.

परत आली तर स्मोको ड्रायव्हरच्या सीटवर उभा. पट्ट्या बांधलेला, तीन पायांवर थरथरत, आणि मुतत होता. तिच्याकडे बघून त्यानं कान पाडले.

"अरे गाढवा," मार्नी म्हणाली. तिला रडूच आलं, इतकं हसू आलं. "मी तुला वाचवलं ना रे!"

सवयीनं तिनं बाटली काढली, फडकं काढलं. वाकली. आणि नाकाशी तो वास आला, खालचा.

तिनं स्मोकोला उचलून शेजारच्या सीटवर ठेवलं. मग अंगातलं जाकीट काढलं, डोक्यावरून सीटवर ओढलं, आणि त्या अंधारात टॉर्च लावला.

कुत्र्याचा छोटा शिंतोडा, पुढच्या कडेला. त्याच्याखाली दोन मांड्या, तिच्याच मापाच्या. ओघळ खाली गेलेला, पायाखालच्या रबरावर. तिथं एकाच टाचेचा ओरखडा होता, उजव्या. खोल, लांब, ब्रेकपर्यंत गेलेला.