सात नंबरच्या खाटेचं पाणी

आईच्या वडिलांना आम्ही सीया म्हणतो. ते श्रीलंकेतल्या कँडी शहरात एका मोठ्या हॉस्पिटलात तीस वर्षं अटेंडंट होते. जानेवारीत लवंगा उतरवल्या की संध्याकाळी आम्ही भावंडं ओसरीवर देठ खुडत बसतो. सीयाही बसतात, पण देठ खुडत नाहीत. बोलतात.

त्या दिवशी अंधार पडल्यावर माझा मावसभाऊ बुद्धिक पाणी प्यायला आणि पेल्यात उरलेलं त्याने अंगणात फेकून दिलं.

सीया बोलता बोलता थांबले.

"पाणी असं फेकू नये. अंधार पडल्यावर तर नाहीच."

"का? झाडांना भूत लागतं?" बुद्धिक म्हणाला.

"सांगतो. पण मध्ये बोलायचं नाही."

बुद्धिक मध्ये बोलणार, हे सीयांसकट सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी सांगितलं ते असं.

"सहा वर्षं झाली. सप्टेंबरातल्या बिनर पौर्णिमेची आदली रात्र. गुरुवार होता. साडेनऊला नंदसीली मिसने मला बोलावलं. आमच्याकडे नर्सला मिस म्हणायचं, मग ती आजी झालेली का असेना. म्हणाली, 'बंडा, आज फरशी राहू दे. आज एक बाटली राखायचीय.'

मला वाटलं, थट्टा करतेय. पण मिसचं तोंड रागाने लाल झालं होतं.

बाटली सात नंबरच्या खाटेची. तिथे तिलकसिरी नावाचा माणूस होता. मेदिरिगिरियचा. भातशेती करायचा. तिकडे किडनीचं दुखणं नवं नाही, त्याच्या बापालाही तेच होतं. चार वर्षं तो मशीनवर रक्त धुऊन घेत होता, तेव्हा कुठे त्याला एका मेलेल्या माणसाची किडनी मिळाली. कोणाची, ते सांगायचं नाही असा नियम. ऑपरेशन नीट झालं. टाके नीट. ताप नाही. पण बारा दिवस झाले तरी लघवीच्या पिशवीत थेंब नाही.

डॉक्टर रोज म्हणायचे, 'किडनी झोपलीय. जागी होईल.' तिलकसिरी म्हणायचा, 'साहेब, माझी बायकोसुद्धा एवढी झोपत नाही.' पहिल्यांदा सगळे हसले. बाराव्या दिवशी कोणी हसत नव्हतं. शुक्रवारी पौर्णिमेची सुट्टी. शनिवारी सकाळी तुकडा काढून तपासणार होते. मेलेली निघाली तर पोट उघडून काढून टाकायची. मग पुन्हा मशीन. पुन्हा यादीत सगळ्यात खाली.

आणि शेजारी सहा नंबरला वीरकोन मास्तर. त्याच रात्री दोघांना घरून बोलावून घेतलेलं, त्याच रात्री दोघांचं ऑपरेशन. म्हणजे एकाच माणसाच्या दोन किडन्या, हे काय कोणी सांगायला हवं? मास्तरांची दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. रोज संध्याकाळी ते पिशवीकडे बघून वर्गात गुण वाचून दाखवावेत तसं मोठ्याने म्हणायचे, 'आज साडेतीन लिटर!'

'घरी घेऊन जा, मास्तर,' तिलकसिरी म्हणायचा. 'भाताला लागेल.'

आता बाटलीचं. बाहेर जाईना म्हणून तिलकसिरीला आत घ्यायलाही बंदी. दिवसाला अर्धा लिटर पाणी. गोळ्यांसकट. बाटलीला पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर पेनाच्या रेघा. बाटली खिडकीच्या कट्ट्यावर, शेजारी त्याचा छोटा स्टीलचा पेला. आणि रोज सकाळी बाटलीतलं पाणी दोन-तीन रेघा खाली.

मिस ओरडायची, 'रात्री चोरून पितोस.'

'नाही प्यायलो, मिस.'

'मग काय खिडकी प्यायली?'

पण सकाळी काट्यावर उभा केला की वजन तेवढंच. प्यायला असता तर वाढलं नसतं का? बाहेर तर काही जात नव्हतं. मिसने काटा बदलला. नवा काटा आणला. तरी तेवढंच. मग तिने मला बदललं. म्हणजे फरशीवरून काढून बाटलीवर बसवलं."

बुद्धिक हसला. सीया हसले नाहीत.

"मी स्टूल घेऊन बसलो. बाटली माझ्यापासून दोन हातांवर. पट्टी नीट पाहून घेतली. पाणी तिसऱ्या रेघेच्या वर.

'बंडा अय्या,' तिलकसिरी म्हणाला, 'चोर पकडायला बसलास?' तो मला अय्या म्हणायचा, मी त्याला मल्ली. थोरला भाऊ, धाकटा भाऊ.

'मिसचा हुकूम, मल्ली.'

'बस बस. बारा दिवस मी सांगतोय आणि कोणी ऐकत नाही. डॉक्टर म्हणतात, औषधांनी भास होतो. मिस म्हणते, चोर. बायको म्हणते, तुझ्या अम्माला विचारते. बारा दिवस, अय्या! जीभ बघ माझी. टायरचा तुकडा झालाय. मी पाणी चोरलं असतं तर अशी राहिली असती?'

त्याचे ओठ फुटले होते. बोलताना जीभ टाळ्याला चिकटायची आणि सुटताना आवाज यायचा. त्याच्या बायकोचं बोलणं मला ठाऊक होतं. रम्यलता संध्याकाळी काचेपलीकडे उभी राहायची आणि दोघं फोनवर बोलायचे. त्याचा हात थरथरायचा म्हणून फोन मीच धरायचो. त्या दिवशी तो तिच्यावर चिडला होता. 'त्याच्या नावाने पाणी ओतलंस का?' हेच पुन्हा पुन्हा.

सातव्या दिवशी तिने भिक्खूंना दान दिलं होतं. बारा भिक्खू, अकरा भाज्या. कर्ज काढून नाही, पण हात आखडूनही नाही. शेवटी आपण पाणी ओततो ना, पेला भरून बशीत सांडेपर्यंत, गेलेल्यांना पुण्य पोचावं म्हणून? तसं ओतलं. तिलकसिरीच्या बापाला दिलं, काकाला दिलं, आत्याला दिलं. ज्याची किडनी, तो राहिला. तिलकसिरीच्या आईनेच अडवलं होतं. म्हणाली, 'नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. बिननावाच्याला बोलावलं तर भलताच येऊन बसतो. तीन महिन्यांनी पोरगा घरी आला की बघू.'

मास्तरांच्या घरच्यांनी नाव विचारलंच नव्हतं. ऑपरेशन झालं त्याच दिवशी सरळ त्याला पाणी ओतलं होतं.

हे मला माहीत होतं. पण तेव्हा मी दोन आणि दोन जोडले नव्हते. आमचं काम जोडायचं नाही. पुसायचं.

अकरा वाजले. मास्तर घोरायला लागले. बारा वाजता मिस फेरी मारून गेली, बाटलीकडे बघून मान हलवली. पाणी तिसऱ्या रेघेच्या वर. एक वाजला. तिलकसिरी झोपला. तोंड उघडं. मी त्याची पिशवी पाहिली. कोरडी. घडीसुद्धा मोडलेली नाही, इतकी कोरडी.

दोन वाजून दहा मिनिटं.

पंखा चालू होता. खिडकी बंद होती. हे मी दोनदा पाहिलं होतं.

आधी गारवा आला. पायांकडून नाही... बाजूने. माझ्या शेजारून कोणी गेल्यासारखा.

मग पेला हलला.

जरासा. कट्ट्यावर घासला.

मला वाटलं, गाडी गेली रस्त्यावरून. हादरा असेल. मी बाटलीकडे पाहिलं.

पाणी तिसऱ्या रेघेवर होतं. वर नाही. रेघेवर.

मी उठलो नाही.

एक घोट. ऐकू आला. तहानलेला माणूस पितो तसा. घाईघाईने.

पाणी रेघेच्या खाली.

तिलकसिरीचं तोंड उघडंच. गळा हलत नव्हता. मी त्याच्या गळ्याकडेच बघत होतो...

दुसरा घोट.

मग काही नाही.

मग खाटेची स्प्रिंग वाजली. कोणी तरी काठावर बसलं तशी."

सीया थांबले. लवंगांच्या टोपलीत कोणाचाच हात नव्हता.

"तिलकसिरीने डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाला, 'दिसलं ना?'

मी मान हलवली.

'रोज येतो. पाणी पितो. मग इथे बसतो.' त्याने उजवीकडे पोटाखाली हात दाखवला. नवी किडनी तिथेच बसवतात. 'इथे हात ठेवतो. गार. उठवायला आल्यासारखा नाही, अय्या... आपली वस्तू परत मागायला आल्यासारखा.'

'काही बोलतो?'

'नाही. तोंड कोरडं असतं त्याचं. माझ्यासारखंच.'

स्प्रिंग पुन्हा वाजली.

मला मिसला हाक मारायची होती. पण मिस आली असती तर काय म्हणाली असती? बाटली कमी झाली, बंडासुद्धा चोर.

तिलकसिरी उठून बसला. टाके दुखले, शिवी दिली. म्हणाला, 'ती बाटली दे. पेला दे.'

'पिऊ नकोस.'

'पीत नाही. ओततो. घरच्यांची वाट बघत बसलो तर शनिवारी पोट उघडतील.'

बाटलीत एकशे ऐंशी मिली उरलं होतं. ते त्याने सकाळच्या गोळ्यांसाठी जपून ठेवलेलं. दिवसभर फक्त बघितलेलं. एकवीस गोळ्या असायच्या.

'गोळ्या कशा घेशील?'

'कोरड्या.'

मी बशी ठेवली. बशीत पेला ठेवला. त्याच कट्ट्यावर. तो खाटेवरून वाकला. बाटली हातात घेतली आणि थांबला.

'पण पुण्य कुठलं देऊ? दान तर मी काही दिलंच नाही.'

'हे पाणीच दे,' मी म्हणालो.

'आणि म्हणू काय?'

'म्हणतात तेच. माझ्या नातलगांना पोचो.'

'तो कुठे माझा नातलग...' असं म्हणाला. पोटाकडे बघत राहिला. मग म्हणाला, 'आहे.'

आणि ओतायला लागला.

पेला केवढा? औषधाचा. साठ मिलीचा. बारीक धार धरली त्याने. मी बशीकडे बघत होतो. आता भरेल. आता सांडेल.

भरेना.

धार चालूच.

दुसरी रेघ गेली. पहिली गेली.

पेल्यात पाणी पडल्याचा आवाज... साठल्याचा नाही.

तिलकसिरीने जीभ बाहेर काढली होती. त्याला कळतही नव्हतं. पाणी बघून आपोआप. पण हात हलला नाही. एक थेंब तोंडाकडे नेला नाही त्याने.

बाटली संपली.

बशी कोरडी. मी पेला तिरका करून आत पाहिलं. तळ कोरडा.

स्प्रिंग पुन्हा वाजली नाही. मास्तर तेवढे घोरत होते.

तीन वाजायला आले असतील. खाली कुठे तरी आवाज आला.

टप.

मला वाटलं, नळ.

टप.

तिलकसिरीने माझा हात धरला. 'अय्या... खाली बघ.'

मी गुडघ्यांवर बसून पिशवी पाहिली.

सकाळी सहाला मोजलं. चाळीस मिली. अर्धा कप चहासुद्धा नाही. पण तिलकसिरी त्या पिशवीकडे असा बघत होता, जणू शेताला पाणी सुटलंय. नंदसीली मिस आली, तिने आधी बाटली पाहिली. रिकामी. तिचा आवाज अख्ख्या वॉर्डात गेला. 'शेवटी सगळी प्यायलास ना! आणि बंडा, तू काय करत होतास?' आम्ही काय सांगणार? तिलकसिरी पहिल्यांदा पोट धरून हसला. टाके दुखले तरी हसला. एकवीस गोळ्या त्याने थुंकी गोळा करून गिळल्या, पण मिसकडे पाणी मागितलं नाही.

दुपारी दोनशे. शनिवारी एक लिटर. डॉक्टर म्हणाले, 'बघ, मी म्हणत होतो ना, झोपली होती.' त्यांचंही खरं असेल. असं होतं म्हणतात."

"मग झालं की," बुद्धिक म्हणाला. आवाज बारीक होता. "डॉक्टर म्हणाले म्हणजे तेच."

"असू दे. तिलकसिरी घरी गेला. तीन महिन्यांनी दान दिलं, मलाही बोलावलं. त्याच्या आईने स्वतःच्या हाताने पाणी ओतलं, बिननावाच्याला. पेला भरला, सांडला, आपल्या सगळ्यांचा सांडतो तसा. आता तो दिवसाला तीन लिटर पितो आणि शेतावर जातो.

राहिलं एवढंच. तो गेला त्या सकाळी मी खाट पुसली, कट्टा पुसला. पेला उचलला. बशी तर मी त्याच पहाटे धुवायला नेली होती, पेला तेवढा तिथे राहिला होता. त्याच्याखाली ओलं वर्तुळ. पेल्याच्या बुडाएवढं. फडकं फिरवलं. कोरडं झालं. दुपारी पाहिलं तर पुन्हा ओलं. पुसलं. रात्री पुन्हा. छत गळत असेल म्हणून शिडी लावून पाहिलं. कोरडं. पाइप तिकडून जात नाही. मिस माझ्यावर ओरडायची, 'बंडा, तुला एक कट्टा धड पुसता येत नाही?' तीन वर्षं, पोरांनो. तीन वर्षं मी ते वर्तुळ रोज पुसलं आणि रोज बोलणी खाल्ली. निवृत्त झालो त्या संध्याकाळी शेवटचं पुसलं. माझ्या जागी आलेल्या पोरीला काही सांगितलं नाही. उगाच घाबरवायचं कशाला?"

"मग आता नसेल," बुद्धिक म्हणाला.

सीयांनी देठांची टोपली माझ्याकडे सरकवली.

"गेल्या महिन्यात तिचा फोन आला. पेन्शनच्या कागदाचं काही होतं. ते बोलून झालं. मग ठेवता ठेवता म्हणाली, 'मामा, एक विचारू? सात नंबरच्या खिडकीत तुम्ही पेला ठेवायचात का?'"