दिवसाला एक वाक्य

याला भेट म्हणायची? पुलावर वाऱ्याने माझा हातमोजा हँडलवरून उडाला आणि समोरून येणाऱ्या सायकलच्या बास्केटमध्ये जाऊन पडला. सायकलवाल्याच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट. मी ओरडले, तो हसला — आणि गेला की निघून! पुलावरची सायकलची पट्टी चिंचोळी. जरा थांबलं तर मागचे घंट्या बडवतात. मोजा दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाला, चालत्या सायकलवरून, हातातून हातात. बोटं जराशी लागली... आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

तेव्हापासून आमचं बोलणं हे असं. तो पलीकडे राहतो आणि अलीकडे घड्याळं दुरुस्त करतो. मी अलीकडे राहते आणि पलीकडे दातांच्या कवळ्या बनवते. सकाळी पुलाच्या मध्यावर त्याने एक वाक्य टाकायचं, संध्याकाळी परतताना मी उत्तर द्यायचं. चहा आवडतो का, एवढं विचारायला त्याने एक अख्खी सकाळ घालवली. मी संध्याकाळी हो म्हटलं, तर साखर किती, हे दुसऱ्या दिवशी! या वेगाने लग्नाचं विचारेपर्यंत मलाच कवळी लागली असती. कुठेतरी थांबून बोलू या, हे त्याला सुचायचं नाही, आणि आपणहून म्हणायचं माझ्या जिवावर यायचं.

घरी वहिनी रोज डोकं खायची. बसने निम्म्या वेळात पोचशील, सायकलचा कसला हट्ट? तिचं काय चुकत होतं! कामावर मला डुलक्या यायला लागल्या. परवा तर एका आजोबांच्या कवळीत सुळे भलत्याच जागी लावले. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, पुन्हा असं झालं तर येऊ नकोस. हे काम मी घरच्यांशी भांडून शिकले होते. ते काय एका पिवळ्या हेल्मेटपायी घालवायचं? पाय माझे दुखणार, बोलणी मी खाणार, आणि बदल्यात काय, तर दिवसाला एक वाक्य. छे, मी ठरवूनच टाकलं.

पण सांगायला तर हवं. सकाळी पाऊस भुरभुरत होता. त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले,

"उद्यापासून मी बसने जाणार."

त्याचा चेहरा एवढासा झाला, आणि मी पुढे गेले... थांबता कुठे येतं? डोळे उगाच भरून आले, आणि मला माझाच राग आला. पुलाच्या टोकाशी पोचते तोच मागे घंट्यांचा नुसता कल्लोळ. वळून पाहते तर हा शहाणा भर पट्टीवर सायकल उलटी फिरवून, सगळ्यांच्या शिव्या खात, धापा टाकत माझ्या शेजारी हजर.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "एका वाक्यात बसत होतं गं. पण उत्तरासाठी संध्याकाळपर्यंत थांबायची हिंमत नव्हती."

"म्हणून इतके दिवस साखर मोजत बसलास?"

त्याच्या हेल्मेटवरून पाणी ओघळून नाकावर येत होतं, आणि मला भयंकर चीड येत होती, आणि तो भयंकर आवडतही होता.

"बसनेच जाणार मी," मी म्हटलं. "रविवारी मात्र सायकल. आणि दोघांनी एकाच दिशेने जायचं."

"म्हणजे... हो?"

"हे काय आता संध्याकाळी सांगू?"

त्या दिवशी मला उशीर झालाच. पण सुळे मात्र बरोबर जागी बसले.