उघड्या हाताने

ही गोष्ट खरी आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही, माझ्या सख्ख्या दाजींची आहे. त्यांनी मला ती सांगितली तेव्हा सगळा वेळ त्यांचा उजवा हात मांडीखाली दाबलेला होता.

आणखी एक, ही रात्रीची गोष्ट नाही. रविवारची दुपार होती, लख्ख ऊन होतं, आणि दाजी घरामागच्या शेडमध्ये एका जुन्या जीपजवळ उकिडवे बसले होते.

ज्यांना किळस सहन होत नाही त्यांनी इथेच थांबावं.

दाजींचा धंदा फ्रीज दुरुस्तीचा. माणूस अजिबात भित्रा नाही. बंद पडलेल्या फ्रीजमध्ये सडलेलं मांस ते हाताने उपसून काढायचे, नाकाला रुमालही न लावता. "वासाला काय भ्यायचं? वास काय चावतो का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आम्ही जेवायला बसलो की मुद्दाम असले किस्से सांगायचे आणि ताई त्यांना लाटणं दाखवायची.

ताई बाळंतपणासाठी आमच्याकडे, आईकडे आली होती. तिकडे दाजी एकटे. एकटा माणूस, रिकामं घर, मग डोक्यात किडा वळवळणारच. ते भंगारवाल्याकडून एक जुनी जीप ओढून घेऊन आले. डोंगरात, चिखलात चालणारी, आपल्या आजोबांच्या वयाची. टप नाही, तळ कुजलेला, दारांचा पत्ता नाही.

ताईने फोनवर फोटो बघितला आणि म्हणाली, "घरात म्हैस आणून बांधलीत की काय?"

"हसून घे," दाजी म्हणाले. "बाळ झालं की तुम्हा दोघांना याच गाडीतून घरी आणतो की नाही बघ. पत्रा मी कापणार, वेल्डिंग मी करणार. आपला हात जगन्नाथ!"

चेष्टेत बोलले, पण ते त्यांनी मनावर घेतलं. मुलगी झाली. दाजी येऊन तिला काचेतूनच बघून गेले, कारण ती अशक्त होती आणि डॉक्टर कुणाला हात लावू देत नव्हते. परत गेले ते थेट शेडमध्ये शिरले. आता गाडी पूर्ण करायची, मुलीला न्यायला जायचं आणि तिला पहिल्यांदा हातात घ्यायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

तळाचा कुजका पत्रा त्यांनी ग्राइंडरने कापून नवा बसवला. वेल्डिंगही झकास जमलं. उरली ती मागची डावी बाजू, चाकावरची.

तिथे मोठा पोचा असावा. कुणीतरी तो ठोकून न काढता वरून पुट्टी थापली होती. बोटभर जाड.

म्हणून दाजींनी ठोक्याला बोलावलं. ठोक्या म्हणजे त्यांचा शाळेपासूनचा मित्र. गाड्यांचे पोचे काढतो, आणि पोचे कमी काढतो, थापा जास्त मारतो.

"डोळ्याने बघू नको," ठोक्या म्हणाला. "पत्र्याच्या बाबतीत डोळा फसवतो. डोळे मीट आणि पंजा फिरव. बोटं नाही, अख्खा पंजा. खड्डा, उंचवटा, सगळं हाताला कळतं."

त्याने खिशातून मऊ फडकं काढलं, पत्र्यावर ठेवलं आणि त्यावरून हात फिरवून दाखवला.

"फडकं कशाला?"

"हात सरकतो नीट." मग जरा थांबून म्हणाला, "आणि जुन्या गाडीला उघडा हात लावू नये. आमच्या धंद्यात कुणी लावत नाही."

"का?"

"घाण असते," ठोक्या म्हणाला आणि चहा मागितला.

दाजी मनात हसले. सडके फ्रीज उपसणाऱ्या माणसाला हा घाण सांगतोय!

तो गेला आणि दाजींनी घासायला घेतलं. हिरव्या रंगाखाली करडा रंग. करड्याखाली पुट्टी. पुट्टीखाली काहीतरी काळं, चिकट. डांबर असेल म्हणून त्यांनी ते पट्टीने खरवडलं, तर ते शेंबडासारखं लोंबत सुटलं.

मग पत्रा लागला. स्वच्छ. चकचकीत.

दाजींनी डोळे मिटले आणि उघडा पंजा त्यावर फिरवला.

उंचवटा लागला.

डोळे उघडून बघितलं. काही नाही. पोलादी पट्टी आडवी धरली, उभी धरली. पट्टी आणि पत्र्याच्या मधून उजेडाची रेषसुद्धा येत नव्हती. पत्रा सपाट होता.

पुन्हा डोळे मिटले. पुन्हा हात फिरवला...

उंचवटा होता. लांबट. आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खळगे.

त्यांनी हातोडी घेतली. बाजूला मारून बघितलं, ठण्ण. खाली मारलं, ठण्ण. मग त्या जागेवर मारलं...

आवाजच आला नाही.

उशीवर मारावं तसं झालं. दाजींनी पुन्हा मारलं. भप्. पत्रा हलला नाही, ठण्ण नाही, काही नाही.

हवा अडकली असेल मागे, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मागून वाकून बघितलं तर मागे मोकळी जागा होती आणि कोळ्याचं जाळं.

आता त्यांना हट्ट चढला. आलं मनात ते शेवटाला न्यायचं, हा त्यांचा जुना रोग. त्यांनी पॉलिश पेपरने ती जागा घासली आणि पुन्हा पंजा टेकवला.

खरखरीत लागलं. पेपरचे ओरखडे असतील. पण ओरखडे असे बोचत नाहीत. हे टोचत होतं, बारीक बारीक, सगळीकडून... न केलेल्या दाढीसारखं.

आणि पत्रा कोमट होता. शेडच्या त्या बाजूला ऊन कधीच येत नाही.

दाजींचा हात आपोआप वर सरकला. ते म्हणतात, "मी सरकवला नाही, पण मी काढलाही नाही." आधी लागला तो उंचवटा म्हणजे नाक होतं. नाकाखाली दोन जाड, भेगाळलेले ओठ. दाजींनी डोळे घट्ट मिटून घेतले होते आणि त्यांच्या तळहाताखाली एका माणसाचं तोंड होतं.

बंद होतं ते.

मग... उघडलं.

तळहाताच्या मधोमध काहीतरी ओलं, लुसलुशीत फिरलं. सावकाश. चव बघितल्यासारखं.

दाजी मागे कोसळले. समोर कोरा पत्रा होता. त्यावर ना थेंब, ना डाग.

तळहात मात्र ओला होता.

त्यांनी वास घेतला. कशाला घेतला, त्यांचं त्यांना माहीत. कित्येक दिवस चूळ न भरलेल्या, किडक्या दातांच्या तोंडाचा वास. ज्या माणसाला कधी कुठल्या वासाने काही झालं नाही, तो माणूस शेडच्या दारात ओणवा होऊन ओकला.

नंतर त्यांनी हात रॉकेलने धुतला, साबणाने धुतला, लिंबू चोळलं, तारेच्या घासणीने रक्त येईपर्यंत घासला. जेवायला बसले, पहिला घास तोंडाशी नेला आणि तोच वास आला. ताट तसंच सरकवून दिलं.

दुसऱ्या दिवशी ठोक्या आला. फडकं ठेवून हात फिरवला. "सपाट आहे की रे. फर्स्ट क्लास."

ठोक्याचं लक्ष त्यांच्या सोललेल्या हाताकडे गेलं.

"फडकं घेतलं होतंस ना?"

"नाही."

ठोक्याने स्वतःचे हात पँटला पुसले.

"तुला काही लागलं का हाताला?"

"तोंड," दाजी म्हणाले.

"शी!" ठोक्या दोन पावलं मागे सरकला. पत्र्यापासून नाही. दाजींपासून.

"आहे काय ते?"

"मला काय ठाऊक! माझ्या उस्तादाने सांगितलं फडकं ठेव, मी ठेवतो. कधी विचारलं नाही. तेवढा पत्रा कापून टाक, बाबा. आणि मला बोलवू नकोस."

त्याला चहा दिला होता. कप तसाच भरलेला राहिला.

दाजींनी हातमोजे घातले आणि ग्राइंडर लावला. लोखंड कापताना जळका वास येतो, तो त्यांना पाठ होता. हा वास वेगळा होता. केस जळाल्याचा आणि चरबी जळाल्याचा. तोंडाला फडकं बांधून त्यांनी तो तुकडा कापला, पोत्यात गुंडाळला आणि भंगाराच्या ट्रकवर नेऊन टाकला. नवा पत्रा बसवला, वेल्ड घासून एकसारखा केला, प्रायमर मारला. मग भीत भीत डोळे मिटून त्यावर उघडा पंजा फिरवला.

गार. गुळगुळीत. हातोडी मारली तर ठण्ण!

दाजी शेडमध्ये एकटेच मोठ्याने हसले. हाताचा वासही गेला होता. त्या दिवशी ते पोट फुटेस्तोवर जेवले.

रंग वाळला आणि ते आमच्याकडे आले. हिरवीगार जीप दारात उभी राहिली, तेव्हा ताईने तिच्याभोवती एक फेरी मारली. "बरी दिसतेय तुमची म्हैस," एवढं तरी तिने कबूल केलं. मुलगी आता अंगाने भरली होती. दाजींनी हात स्वच्छ धुतले, गरम पाण्याने, दोनदा. ताईने बाळ त्यांच्या डाव्या हातावर ठेवलं.

ती झोपली होती. इवलंसं तोंड, घट्ट मिटलेलं.

दाजींचे डोळे भरून आले. त्यांनी डोळे मिटले आणि उजवा पंजा हलकेच तिच्या गालावर ठेवला.

खरखरीत लागलं...

त्यांनी डोळे उघडले नाहीत. हात थिजला होता. तळहाताखाली न केलेली दाढी होती. जाड, भेगाळलेले ओठ होते. ते ओठ उघडले आणि ती ओली, लुसलुशीत जीभ त्यांच्या तळहातावरून फिरली. अगदी सावकाश. ओळखीची असल्यासारखी.

डोळे उघडले तर मुलगी शांत झोपलेली. तोंड मिटलेलं. गाल मऊ.

"धर, धर हिला," म्हणत त्यांनी बाळ ताईकडे जवळजवळ फेकलं आणि बाहेर पळाले. मी मागे गेलो. ते गटारावर ओणवे झाले होते आणि ओकता ओकता रडत होते.

"मला तिची किळस आली रे," ते म्हणाले. "माझ्या पोरीची."

त्यानंतर त्यांनी सगळं करून बघितलं. ताईच्या गालाला हात लावला, तर तो ताईचाच गाल. भिंतीला लावला, तर भिंत. मुलीला डावा हात लावला, तर लोण्यासारखी मऊ मुलगी. फक्त उजवा हात, आणि फक्त ती.

म्हणून दाजी घरात सुती हातमोजा घालतात. फ्रीजच्या गॅसने कातडी खराब झाली, असं लोकांना सांगतात. ताईला खरं माहीत नाही. तिला वाटतं नवऱ्याला मुलगी नको होती. यावरून त्यांच्यात झालेली भांडणं मी ऐकली आहेत, आणि दाजी मान खाली घालून सगळं ऐकून घेतात. खरं सांगायचं तरी काय? जीप त्यांनी विकून टाकली. मुलगी आता शाळेत जाते. हसरी, बडबडी, जराही वावगं काही नाही.

निदान गेल्या रविवारपर्यंत मी असंच म्हटलं असतं.

मी त्यांच्याकडे गेलो होतो. भर दुपारी बैठकीत आंधळी कोशिंबीर चालली होती. भाचीच्या डोळ्यांवर ताईची ओढणी. तिने मला धरलं, चेहरा चाचपला आणि ओरडली, "मामा!" ताईला धरलं, "आई!" मग ती हात पुढे करून दाजींकडे गेली. दाजी सरकणार होते, पण मागे भिंत होती.

तिने अख्खा पंजा त्यांच्या गालावर ठेवला.

दाजींनी सकाळीच दाढी केली होती. मी बघितलं होतं.

भाची थांबली. तिचं हसू थांबलं. हात गालावरून खाली, ओठांवर सरकला...

"शी!"

तिने हात झटकन मागे घेतला आणि फ्रॉकला पुसला.

"अगं, बाबा आहेत ते, वेडे!" ताई हसत म्हणाली.

"बाबा नाहीत." ती हात पुसतच होती. "यांना दाढी आहे. आणि यांनी मला चाटलं."

दाजींचं तोंड घट्ट मिटलेलं होतं. मी समोर उभा होतो, माझी नजर त्यांच्यावरच होती. ते हलले नव्हते.

ताईने ओढणी सोडली, तिला मोरीत नेलं आणि साबण लावून हात धुतले. "अजून वास येतोय," भाची आतून म्हणत होती. दाजी भिंतीला टेकून खाली बसले. मला त्यांच्याकडे बघवेना.

थोड्या वेळाने ती धावत बाहेर आली. रडवेली झाली होती. माझा हात धरायला तिने तिचा ओला उजवा हात पुढे केला.

मी माझा हात मागे घेतला.

सख्खी भाची आहे माझी. तिने आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि स्वतःचा हात हळूच पाठीमागे लपवला.