डागपत्रिका

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. या होडीत बसून ही गोष्ट ऐकलेल्या एकाचाही आजवर बसलेला नाही. मागे एक निवृत्त न्यायाधीश आले होते. हे तुळपुळे साहेब बसलेत त्याच फळीवर बसले होते. म्हणाले, "नाना, हेच शपथेवर सांगितलं असतंत ना, तर तुम्हाला आत टाकलं असतं." तेव्हा ऐका, आणि नीट मध्ये बसा. साहेब, काठ धरून काय उपयोग? होडी बुडायची झाली तर काठासकट बुडते.

"अहो, असं नका ना बोलू," तुळपुळे साहेब म्हणाले आणि त्यांनी नारिंगी जाकिटाचा पट्टा आणखी आवळला. तुळपुळे बाई मात्र दुर्बीण डोळ्याला लावून पलीकडच्या गुलाबी रांगेकडे बघत होत्या.

"नाना, हे रोहित पक्षी वर्षभर असतात का इथे?"

"छे हो बाई! संक्रांत सरली, धरणाचं पाणी ओसरलं, चिखल उघडा पडला की येतात. गणपतीत येऊन बघा. उजनी काठोकाठ, अख्ख्या फुगवट्यावर औषधाला रोहित मिळायचा नाही. उभा कुठे राहणार बिचारा? पाय दोन हात लांब, आणि पाणी चार पुरुष खोल."

"तुमचं पूर्ण नाव काय हो?" साहेबांनी मध्येच विचारलं. बुडायच्या आधी कळलेलं बरं, असा हिशोब असावा.

"नानाच म्हणा. सगळा घाट नानाच म्हणतो."

तर गोष्ट आहे फोटोची. आता तुम्हा-आम्हाला सवय झाली आहे. कुणी फोटो पुढे केला की आपण म्हणतो, "वा, छान बनवलाय." खरा असेल हे मनातसुद्धा येत नाही. लग्नाला न गेलेला मामा फोटोत पंगतीला बसलेला असतो, आणि दहा वर्षांपूर्वी गेलेले आजोबा पणतवंडाला मांडीवर घेऊन हसत असतात. यंत्राला सांगायचा अवकाश, हवा तो फोटो हजर. हे सुरू झालं तेव्हा सगळ्यात जास्त पंचाईत झाली कोर्टांची. चोर सापडायचा, फोटो सापडायचा, आणि वकील उठून एकच शब्द बोलायचा: बनवलाय. चोर घरी.

त्यावर तोड काढली डागपत्रिकेने. हा शब्द डॉ. हेमांगी ढवळीकरांचा. त्या बाई पुण्याहून कोर्टात यायच्या, कॅमेऱ्यांची डागपत्रिका मांडायला. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र शाळेच्या घंटेसारखा. त्यांनी ती समजावून सांगितली संदिपानला, कारण पत्रिका त्याच्या गळ्याशी आली होती.

संदिपान हा याच घाटावरचा नावाडी. आमच्याकडे होड्यांचे नंबर लागतात. ज्याचा नंबर, त्याचे पाहुणे. मोडला तर भाऊ भावाशी बोलत नाही. त्या वर्षी अनंत चतुर्दशीला मोठ्या मंडळाचा गणपती खोल पाण्यात न्यायचा नंबर होता संदिपानचा. पण चांगदेवाने आधीच होडी लावली, मूर्ती उचलून घेतली आणि निघालासुद्धा. नंबराचा गणपती पळवला! संदिपान घाटावर उभा राहून सगळ्यांदेखत ओरडला, "चांग्या, परत येशील तेव्हा बघतो!"

चांगदेव परत आलाच नाही. विसर्जन करून त्याने मंडळाच्या पोरांना काठावर उतरवलं आणि दिवेलागणीला एकटाच घराकडे निघाला. सकाळी होडी रिकामी सापडली, मग चांगदेव सापडला. कपाळावर खोक होती. वल्ह्याच्या पात्याच्या आकाराची.

"अगं बाई," तुळपुळे बाईंनी दुर्बीण खाली केली. "मग?"

मग काय, धरला संदिपानला. तो म्हणाला, मी तिथे नव्हतोच, मी पार पलीकडच्या काठाला होतो. साक्षीदार? एकच, पळसकर गुरुजी. पक्ष्यांचे वेडे. त्यांनी काठावरून संदिपानचा फोटो काढला होता, पण साक्षीला उभं राहायच्या आधीच गुरुजी वारले. जाताना कॅमेरा संदिपानलाच देऊन गेले, आठवण म्हणून; तेव्हा तो थोडे दिवस जामिनावर बाहेर होता. म्हणजे एक माणूस फाशीच्या दोराखाली उभा आणि त्याचा जीव कुठे, तर एका जुन्या, काळ्या, मुठीएवढ्या डब्यात.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात डॉक्टरीणबाईंनी तो डबा हातात घेतला.

"संदिपान, याच्या आत नखाएवढी एक काच आहे. तिच्यावर कोट्यवधी बारीक कप्पे. प्रत्येक कप्पा आपल्यापुरता उजेड पकडतो, तेव्हा कुठे चित्र होतं. आता आकाशातून सतत अदृश्य कणांचा मारा होत असतो. तुमच्या-माझ्या अंगातूनही आरपार जातात. एखादा कण नेमका कप्प्यावर आदळला की तो कप्पा मरतो. फोटोत तिथे कायमचा पांढरा ठिपका."

"म्हणजे क्यामेऱ्याला कोड फुटतं म्हणा की."

"केस पिकतात म्हणा. एकदा पांढरा झालेला पुन्हा काळा होत नाही. आणि कुठल्या कॅमेऱ्याचा कुठला कप्पा कधी मरेल, हे ब्रह्मदेवालाही ठरवता येत नाही. म्हणून फोटोतले डाग बघितले की सांगता येतं, हा याच कॅमेऱ्याचा आणि अमुक महिन्यातला. तारीख बदलता येते. डाग बदलता येत नाहीत."

"आन् फोटूत काय दिसतंय ते?"

"ते मी बघतच नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "चित्र खोटं बोलतं. मी फक्त डाग वाचते. आता कुठलंच कोर्ट चित्र बघत नाही."

तोवर जुन्या कॅमेऱ्यांना सोन्याचा भाव आला होता. जितका डागाळलेला, तितका साक्षीदार भरवशाचा. लोक ते कापसात गुंडाळून देव्हाऱ्याशेजारी ठेवत. कंपनीसुद्धा भली. वीस-वीस वर्षांच्या म्हाताऱ्या कॅमेऱ्यांनाही वर्षाला एकदा फुकट अपडेट पाठवायची. कॅमेऱ्याच्या डोक्यात कंपनीने भरलेली जी शिकवण असते, तिला म्हणायचं फर्मवेअर. तिची दर वर्षी नवी उजळणी म्हणजे अपडेट. त्यातूनच कुलपाची नवी किल्लीही यायची, कारण अस्सल फोटो कॅमेऱ्याच्या पोटात कुलूपबंद असे. एखाद्या वर्षी अपडेट चुकलं की किल्ली शिळी, कॅमेरा मुका.

खटला उभा राहीपर्यंत गुरुजींचा कॅमेरा असाच मुका झाला होता.

न्यायाधीशांसमोर तो चालू केला. पडद्यावर एकच ओळ आली: आधी अपडेट करा. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर कंपनीचा माणूस होता. गोरापान, गोड बोलणारा, सुखटणकर म्हणून. तो आनंदाने म्हणाला, "काही काळजी नको. हे आमचं आजवरचं सर्वांत चांगलं अपडेट आहे. कुलूप उघडेल, शिवाय यात डागमुक्ती आहे. मेलेल्या कप्प्यांच्या जागा शेजारच्या कप्प्यांवरून भरून निघतात. जुने फोटोसुद्धा आपोआप स्वच्छ होतात!"

कोर्टात अशी शांतता पसरली की छतावरची पाल चुकचुकायची राहिली. खोटं नाही सांगत, मी ती पाल पाहिली आहे.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "डाग गेले तर मी वाचू काय? जुनीच किल्ली पाठवा."

"ती परदेशातल्या साठ्यातून शोधावी लागेल. काही महिने लागतील. आणि सापडेलच असं नाही."

सरकारी वकील कडाडले, "डागांशिवाय त्या तारखेला काय अर्थ आहे? याच कॅमेऱ्यात चार बटणं दाबून फोटोची तारीख दुरुस्त करता येते!"

"अपडेटनंतर नोंदलेल्या तारखेची हमी कंपनी घेते," सुखटणकर म्हणाला. आणि कायद्यात तसा रस्ता होताच. डाग असतील तर डाग बघा, नसतील तर कंपनीची हमी चालते.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "पुरावा आरोपीचा आहे. त्यानेच ठरवावं. थांबायचं असेल तर किल्ली येईपर्यंत कोठडीत राहावं लागेल. अपडेट करायचं असेल तर आत्ता."

डॉक्टरीणबाई पिंजऱ्याजवळ गेल्या. हळू बोलल्या, पण त्यांचं हळूही मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. "संदिपान, थांबा. तुम्ही खरे असाल तर ते डाग तुमच्या बाजूचे आहेत. त्यांना पुसू नका. मग तुमची निर्दोष सुटका कुणीही, कधीही मोडू शकणार नाही."

संदिपानने कॅमेऱ्याकडे पाहिलं. बॅटरीची शेवटची एक रेघ उरली होती, आणि असला चार्जर आता वस्तुसंग्रहालयातच. तो म्हणाला, "किल्ली येईस्तोवर ह्यो जित्ता राहतोय का? दाबा बटन."

दाबलं.

बाई, मी या पाण्यात तीन वादळं पाहिली. होडी उलटी होऊन तिच्याखाली श्वास घेतला आहे. पण तसली धडधड नाही अनुभवली. पडद्यावर एक पट्टी सरकू लागली, गोगलगाईसारखी. खाली लिहिलेलं: अपडेट चालू असताना कॅमेरा बंद करू नये. आणि कोपऱ्यात बॅटरीची रेघ लाल होऊन लुकलुकायला लागली. मध्येच बंद पडला तर कॅमेऱ्याचा दगड होणार. मग ना डाग, ना फोटो, ना तारीख. सरळ फाशी.

पट्टी अर्ध्यावर आली आणि थांबली. शिपायाने हात जोडले. सरकारी वकीलसुद्धा वाकून बघू लागले. चांगदेवाची बायको मागच्या बाकावर होती, तिने पदर तोंडात घातला. पट्टी हलेना. रेघ लुकलुकतेय. संदिपानचे ओठ हलत होते, कुठल्या देवाला हाक मारत होता कोण जाणे. मग एकदम पट्टी पुढे सरकली, टोकाला भिडली, आणि कॅमेऱ्याने एक बारीकशी शीळ घातली.

फोटो उघडला. अंगठ्याएवढ्या पडद्यावर, धुतल्या तांदळासारखा स्वच्छ. होडी, होडीच्या नाकावर 'भागीरथी' हे नाव, वल्हं घेतलेला संदिपान, मागे मावळता सूर्य. खाली अनंत चतुर्दशीची तारीख. डाग एकही नाही. डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं, बराच वेळ बघितलं आणि कागदावर लिहून दिलं: वाचण्यासारखं काही उरलेलं नाही.

सुखटणकरने हमीपत्र धाडलं. संदिपान सुटला.

बाहेर पायरीवर डॉक्टरीणबाईंनी त्याला गाठलं. "जगात तुमच्या बाजूने बोलणारा एकच होता. त्याचे डोळे तुम्ही स्वतः फोडलेत. खऱ्या माणसाला एवढी घाई कशाची होती?"

"बाई, कोठडीत एक दिस काढून बघा," तो म्हणाला.

त्या पायऱ्या उतरून निघून गेल्या. पण बातमी पसरली. ज्याला ज्याला आपल्या फोटोची धास्ती होती, त्याने जुना कॅमेरा काढला आणि मुकाट्याने अपडेट लावलं. कुठे जमिनीची हद्द, कुठे सासरी जळलेली सून, कुठे बांधलेला आणि पडलेला पूल. कंपनी म्हणाली, जुन्या ग्राहकांचा एवढा प्रतिसाद पूर्वी कधी मिळाला नव्हता. वर्षभरात देशात एकही डागाळलेला कॅमेरा उरला नाही. डॉक्टरीणबाईंना कामच उरलं नाही. पुढे म्हणे त्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागल्या.

"भयंकर आहे हो," साहेब म्हणाले. जाकिटाचा पट्टा सोडून ते गोष्टीत पुरते बुडाले होते.

भयंकर कसलं, साहेब? निर्दोष माणूस सुटला. खरं ते अखेर टिकतंच. पटत नसेल तर हा बघा तो फोटो. मोठा करून घेतलाय, पाण्याने खराब होऊ नये म्हणून प्लास्टिकात ठेवतो. घ्या बाई, नीट बघा. कोर्टात अंगठ्याएवढा दिसला होता, इथे कसा खुलून दिसतो. सूर्य बघा, वल्ह्यावरून ठिबकणारं पाणी बघा, आणि होडीभोवती ही रोहितांची गुलाबी झुंबड. गुरुजींचा हातच तसा होता. शंभर तरी असतील, नाही?

"शंभर सहज असतील," तुळपुळे बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, मग समोर चिखलात उभ्या असलेल्या रांगेकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे. "पण नाना, गणपतीत इथे औषधाला रोहित मिळत नाही, हे मघाशी तुम्हीच सांगितलंत. मग अनंत चतुर्दशीला हे शंभर कुठून आले? खोटं आहे हे. हा फोटो हिवाळ्यातला आहे, तारीख तेवढी बदललेली आहे. सगळं कोर्ट डाग शोधत बसलं, पक्षी कुणी बघितलेच नाहीत. आणि या होडीच्या नाकावर 'भागीरथी' लिहिलंय, ते मी चढतानाच वाचलं होतं... संदिपाननाना, तुम्ही वल्हं का थांबवलंत?"